चार नंबरच्या किटवरचं तीनचं बटण

चार नंबरच्या किटवरचं तीनचं बटण मेलेलं आहे, हे मी तीन वर्षांत पाच वेळा लिहून दिलंय. साध्या कागदावर नाही, कॉलेजच्या छापील फॉर्मवर, खाली कार्बन घालून. आणि पाचही वेळा तो फॉर्म एकच शेरा घेऊन माझ्याकडे परत आलाय : 'डेड स्टॉक रजिस्टरनुसार सर्व किट सुस्थितीत. कार्यवाहीची गरज नाही.' आता बोला!

आणि त्या रजिस्टरात 'सर्व किट सुस्थितीत' असं लिहिलंय कुणी? मी. खाली सही कुणाची? माझी. दिलावर शेख, प्रयोगशाळा सहायक. कपाळ माझं!

दरवर्षी कुठली ना कुठली कमिटी येते. कमिटी यायच्या आदल्या दिवशी आमचे विभागप्रमुख गुंजाळ सर रजिस्टर समोर टाकतात आणि म्हणतात, "दिलावरभाई, सध्या लिहा सुस्थितीत. कमिटी गेली की बघू." कमिटी येते, काजू खाते, जाते. बघायचं तेवढं राहून जातं. मी नाही म्हणू शकतो का? बावीस वर्षं झाली मला या कॉलेजात, पण दर जूनला मला नवं पत्र मिळतं, 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलेलं. पत्रावर शिफारस गुंजाळ सरांची. मग करतो सही.

तुम्ही म्हणाल, एका बटणानं एवढं काय बिघडतं? तर ऐका. आमचं किट म्हणजे सुटकेसएवढ्या पेटीत बसवलेली एक हिरवी पाटी. तिच्यावर मायक्रोप्रोसेसर, बाकीच्या चार-दोन चिपा, लाल आकडे दाखवणारी एक पट्टी आणि कॅल्क्युलेटरसारखी बटणं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पोरांनी प्रोग्राम कागदावर लिहायचा, प्रत्येक आज्ञेचा दोन आकडी कोड तक्त्यात बघायचा आणि बटणं दाबून एकेक कोड किटात भरायचा. मग किटाला जोडलेली मोटर फिरते, दिवे लागतात, जे काय असेल ते. मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, असं पोरं विचारतात. अभ्यासक्रमात आहे म्हणून, दुसरं काय!

आता गंमत बघा. बाहेरच्या यंत्राला काही पाठवायचं तर आज्ञा डी३. ती दुसऱ्या कशानं होत नाही. आकडा हातात घ्यायचा तर ३ई. उडी मारायची तर सी३. मोटर फिरवायचा प्रोग्राम मी मोजून बघितलाय, त्यात तीन हा आकडा सात ठिकाणी येतो. म्हणजे चार नंबरचं किट काय कामाचं? जर्नलवर वजन म्हणून ठेवा.

बटण बदलायला किती वेळ लागतो ते विचारू नका. मी भिंगारला बाजारात रेडिओ-टेपच्या दुकानात दहा वर्षं काढलीत, डोळे मिटून सोल्डरचा डाग देतो. बटणसुद्धा आणून ठेवलंय, माझ्या ड्रॉवरमध्ये काडेपेटीत तीन वर्षं पडून आहे. पण पेटीच्या झाकणावर देखभालवाल्या कंपनीचं कागदी सील आहे. कंपनीचा करार संपला, कंपनीचा माणूस तोंड काळं करून गेला, सील तेवढं राहिलं. सील तोडायला परवानगी लागते. परवानगीचा अर्ज केला की तोच शेरा, सर्व किट सुस्थितीत. घरी हे रोज बोलून बोलून आमची जहिरा वैतागली. म्हणाली, "तुमचं ते तीनचं बटण उंबऱ्याबाहेर ठेवून घरात येत जा."

मग मी माझ्यापुरता तोडगा काढला. प्रॅक्टिकल परीक्षेला कुणी कुठल्या किटवर बसायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. किटं दहा, म्हणून चिठ्ठ्या दहा. त्या घडी घालतो मी, डबा धरतो मी. तीन वर्षं मी चार नंबरची चिठ्ठी डब्यात टाकलीच नाही. गुपचूप शर्टाच्या खिशात ठेवायची, आणि बॅच नऊ-नऊ पोरांची लावायची. चार नंबर कुणाच्या वाट्याला आला नाही, कुणी रडलं नाही, कुणाची तक्रार नाही. मला आपलं वाटायचं, लई पुण्याचं काम करतोय.

आता ज्योतीबद्दल सांगतो. ज्योती बडे, पाथर्डीकडची. बाप भिमाजी आणि आई लंकाबाई दरवर्षी कोपरगावकडं ऊसतोडीला जायचे, पोर मामाकडं राहून शिकली. आमच्याकडं आली तेव्हा चार शब्द बोलायची नाही, पण किटवर बसली की उठायची पण नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं वडापावला पळायची, ही मला म्हणायची, "चाचा, अजून धा मिन्टं चालू ठिवा ना." अशी पोरगी, आणि तिचा राहिलेला एकच विषय कुठला? मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकल! पहिल्या वेळी परीक्षेत लाईट गेली, लाईट गेली की किटातलं सगळं पुसतं. परीक्षक म्हणाले, आउटपुट दाखवा. काय दाखवणार, डोंबल? दुसऱ्या वेळी एसटी करंजीच्या घाटात बंद पडली. ही पळत पळत आली तोवर हजेरी बंद झाली होती.

आणि या मे महिन्यात जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा. यात राहिलं तर नवा अभ्यासक्रम, नवे चार विषय, म्हणजे अजून एक वर्ष. वर सुप्याच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यानं तिला घेतलेलं, एक तारखेला पास झाल्याचा कागद घेऊन हजर व्हायचं होतं. कागद नाही तर नोकरी नाही, पत्रातच लिहिलेलं. ते पत्र ती मला दाखवायला आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मी म्हटलं, "पोरी, निवांत राहा. माझ्या लॅबमध्ये तुला काही होत नाही." काय बोलून गेलो बघा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेनवाला गुंजाळ सरांनी यादी हातात दिली. नऊ नावं टाईप केलेली आणि खाली पेनानं दहावं. बडे ज्योती भिमाजी.

"सर, हे दहावं?"

"फॉर्म उशिरा आला तिचा. आजच घ्यायची. उद्या पाचला मार्क भरायची लिंक बंद होतेय."

"मग दुपारी घेऊ की हिला एकटीला."

"दुपारी बाहेरचे परीक्षक निघणार. आणि अडचण काय आहे? दहा मुलं, दहा किट."

"सर, चार नंबरचं तुम्हाला माहितीय..."

तेवढ्यात दारात बाहेरचे परीक्षक, कानवडे सर, येऊन उभे. उंच, सडपातळ, कपाळाला आठ्या. गुंजाळ सरांनी लगेच आवाज चढवला, "या सर, या! दहाच्या दहा किट सुस्थितीत आहेत. आमच्या दिलावरभाईंचं रजिस्टर म्हणजे एकदम चोख!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं माझं तोंडच बंद झालं.

मी घाईघाईत डबा घेतला. नऊ चिठ्ठ्या आधीच टाकून, हलवून ठेवल्या होत्या. चार नंबरची खिशात. कानवडे सर समोर उभे, बघतायत. मी खिशातून चिठ्ठी काढली, "ही एक खाली पडली होती," म्हणालो आणि टाकली डब्यात.

इथंच माती खाल्ली मी. डबा पुन्हा हलवायला पाहिजे होता. आमच्या पोरांची एक खोड आहे, वरची चिठ्ठी कुणी घेत नाही. वरची चिठ्ठी पनवती, असं त्यांच्या डोक्यात बसलेलंय. कोपरापर्यंत हात घालतात, तळातली काढतात. बावीस वर्षं डबा धरतोय मी, मला हे माहीत नाही का? पण त्या वेळी सुचलंच नाही. पहिला समर्थ नावाचा पोरगा, त्यानं काढली तळातली, त्याला सात. दुसऱ्यानं तळातली, त्याला एक. एकेक हात माझ्या डोळ्यांसमोर त्या वरच्या चिठ्ठीला बाजूला सारून खाली जात होता. जुन्या विद्यार्थ्यांचा नंबर शेवटी. ज्योती आली तेव्हा डब्यात एकच चिठ्ठी होती.

तिनं उघडून वाचली आणि हसून मला दाखवली. "चार, चाचा." तिला काय ठाऊक? एरवीच्या तासालाही चार नंबरला मी कुणाला बसवत नव्हतो, त्यामुळं बटणाचं पोरांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न निघाला स्टेपर मोटरचा. ही मोटर सरळ फिरत नाही, एकेक पाऊल टाकत फिरते, आणि प्रत्येक पावलाचा आकडा प्रोग्रामनं द्यायचा. ज्योतीला तो प्रोग्राम तोंडपाठ. वीस मिनिटांत कागदावर लिहिला, कानवडे सरांनी बघितला, खाली सही केली. सही झाली की तोच प्रोग्राम किटात भरायचा आणि मोटर फिरवून दाखवायची. ती चार नंबरवर जाऊन बसली. मी समोरच्या टेबलावरची वायर उगाच गुंडाळत उभा होतो, पण कान तिकडं.

पहिलाच कोड ३ई. तिनं तीन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. किट बंद करून चालू केलं, पुन्हा दाबलं. मग तिनं हात वर केला.

"सर, तीनचं बटन चालत न्हाई."

सगळ्या लॅबनं माना वर केल्या. गुंजाळ सर खुर्चीतून उठलेच नाहीत. "नीट दाबा. घाबरून जाऊ नका. किट चालू आहे." आणि मग माझ्याकडं बघून, "काय दिलावरभाई? चालू आहे ना चार नंबर?"

कानवडे सर माझ्याकडं बघतायत. गुंजाळ सर माझ्याकडं बघतायत. टेबलावर रजिस्टर उघडं, माझी सही सगळ्यांना दिसेल अशी. जून पंधरा दिवसांवर. ज्योतीसुद्धा माझ्याकडंच बघत होती, पण तिची नजर वेगळी होती. तिला वाटत होतं, आता चाचा सांगतील.

"चालू आहे, सर," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तिच्याकडं वळून वर म्हणालो, "जरा जोरात दाब."

जीभ का झडली नाही माझी! खरं सांगतो, तो शब्द तोंडातून सुटला तसा मला स्वतःचा इतका राग आला की हातातली वायर मी ओढून तोडली.

ज्योतीनं मान खाली घातली आणि दाबायला लागली. अंगठ्यानं दाबलं, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं, पेनाच्या टोपणानं दाबलं. टक् टक् टक्. बाजूला बाकीच्यांचं सुरळीत चाललेलं. समर्थच्या किटावर दिवे लागलेसुद्धा, परीक्षक त्याच्याकडं गेले. टक् टक् थांबलं. मला वाटलं, आता उठेल, पेपर देईल आणि जाईल. मी तिच्या बाजूला बघितलंच नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती.

पाचेक मिनिटांनी बघितलं तर ही पोरगी मागच्या कोऱ्या पानावर लिहीत बसलेली. लिहायची, तक्त्यात बोट फिरवायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी पाणी द्यायच्या निमित्तानं मागून गेलो. कागदावर एका कोपऱ्यात तिनं तीन लिहून त्यावर फुली मारली होती. आणि खाली सगळी नवी मांडामांड. ३ईच्या जागी दुसरी आज्ञा, ०६ आणि मग ७८. सी३ची उडी काढून टाकलेली, तिथं दुसऱ्या वाटेनं तेच काम. एका ठिकाणी बी३ होतं, तिथं दोन आकड्यांतला आधी घ्यायचा तो नंतर घेतला, झालं बी२. मी तिथंच थिजलो. पण डी३चं काय करशील, पोरी? मनात म्हटलं. त्याला दुसरा रस्ताच नाही.

तिनं ग्लास घेतला, पाणी प्याली, माझ्याकडं न बघता ग्लास परत दिला आणि डी२ लिहिलं.

तौबा! मला कळायला मिनिटभर लागलं. तिला बोटानं तीन दाबता येत नव्हतं, पण डी२ दाबता येत होतं. आणि दोनात एक मिळवायला किटाला बटण लागत नाही. तिनं प्रोग्रामलाच सांगितलं, आधी डी२ घे, त्यात एक मिळव, जे येईल ते पुढच्या अमुक जागी नेऊन ठेव, आणि मग तिथून चालू लाग. म्हणजे प्रोग्राम आधी स्वतःचाच राहिलेला तुकडा तयार करणार आणि मग मोटर फिरवणार. त्या जागांच्या पत्त्यात पण तीन यायला नको, म्हणून तिनं मधे रिकामी घरं सोडलेली. बावीस वर्षांत मी शेकडो पोरं बघितली, प्राध्यापक बघितले. असलं काही बघितलं नव्हतं.

भरायला तिला बराच वेळ लागला. बाकीचे नऊ जण दाखवून, सही घेऊन बाहेर गेले. वेळ संपायला दहा मिनिटं होती तेव्हा तिनं शेवटचं बटण दाबलं. मोटरच्या दांडीवर मी खूण म्हणून कागदाचा बाण चिकटवलेला असतो. तो बाण एकदा हिसका देऊन हलला, आणि मग टिक टिक टिक करत फिरायला लागला.

"सर, झालं," ज्योती म्हणाली.

कानवडे सर आले. मोटर बघितली, मान हलवली. मग त्यांनी तिचा सही केलेला कागद घेतला आणि पडताळायला म्हणून मोटर थांबवून किटातला पहिला कोड उघडला. आठ्या वाढल्या.

"इथं ०६ कसं? तुमच्या कागदावर ३ई आहे."

"सर, तीन दाबता येत न्हाई. म्हनून तीन न वापरता लिवला."

"मी सही केलेला प्रोग्राम हा नाही. हा कुठून आला?"

गुंजाळ सर लगबगीनं पुढं. "आधीच्या कुणाचा तरी मेमरीत राहिला असेल, सर."

आधीच्या कुणाचा! लाईट गेली की किटातलं सगळं पुसतं, हे आम्ही पहिल्या तासाला शिकवतो. आणि चार नंबरवर तीन वर्षांत बसलंय कोण? माझं डोकं भणभणायला लागलं.

कानवडे सरांनी स्वतः तीन दाबलं. एकदा, दोनदा. पट्टीवर काही नाही. "बटण बंदच आहे की हो."

"आत्ताच गेलेलं दिसतंय," गुंजाळ सर म्हणाले. "उन्हाळ्यात होतं असं. हिनं फार जोरात दाबलं असेल. सर, आपण असं करू, हिची फेरपरीक्षा ठेवू."

"लिंक उद्या बंद होतेय ना?" कानवडे सरांनी विचारलं.

"मग आता काय करणार? नियमच आहे तसा. पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमात..."

ज्योती दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या बाणाकडं बघत उभी राहिली.

कानवडे सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हे बघा, बटण आधीपासून बंद होतं, हिला अडचण आली आणि हिनं हा मार्ग काढला, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग मी हाच प्रोग्राम तपासतो. पण मघाशी तर तुम्हीच म्हणालात चालू आहे." हे माझ्याकडं बघून.

"खोटं बोललो," मी म्हणालो.

"दिलावरभाई," गुंजाळ सर हळू आवाजात म्हणाले, "विचार करून बोला. रजिस्टरवर सही तुमची आहे."

"ती पण खोटी, सर. तीन वर्षं खोटी." मग मला थांबताच येईना. ड्रॉवर ओढला, पाचही कार्बन कॉप्या टेबलावर आपटल्या. काडेपेटी उघडून ते बटण त्यांच्यापुढं ठेवलं. "हे फॉर्म, ह्या तारखा, हा तुमचा शेरा. हे बटण. आणि परीक्षेला चार नंबरची चिठ्ठी मी खिशात लपवत होतो, ते पण लिहून घ्या. तीन वर्षं! मी ती लपवली नसती तर पहिल्याच वर्षी कुणीतरी बोंब मारली असती, पहिल्याच वर्षी हे बटण बदललं असतं. मला वाटलं, मी पोरांचं भलं करतोय. कसलं भलं, डोंबलाचं? सगळं साठवून साठवून हिच्या एकटीच्या बोडक्यावर टाकलं मी."

गुंजाळ सरांचा चेहरा पडला. कानवडे सरांनी कॉप्या एकेक करून उचलल्या, तारखा वाचल्या, परत ठेवल्या. मग खुर्ची ओढून चार नंबरच्या समोर बसले आणि ज्योतीला म्हणाले, "बसा. पहिल्या ओळीपासून सांगा."

ती सांगायला लागली. सुरुवातीला चाचरत, मग सरसर. डी२ला आली तेव्हा कानवडे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "इथं आणखी एकदा सांगा," म्हणाले. तिनं आणखी एकदा सांगितलं. बी३चं बी२ कसं केलं तेही त्यांनी विचारलं. पंचवीस मिनिटं विचारत होते. मधेच मोटर पुन्हा चालवून बघितली, टिक टिक टिक.

शेवटी ते उठले, गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं, घडी घातली.

"सर, झाली का पास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मार्क सांगता येत नाहीत," ते म्हणाले. मग गुंजाळ सरांकडं वळून, "ती लिंक उघडून द्या. उद्याला कशाला ठेवायचं? मी भरूनच निघतो."

जाता जाता गुंजाळ सर माझ्याजवळ थांबले. "उद्या दहाला केबिनमध्ये. लेखी खुलासा घेऊन या." बरं म्हटलं. जून माझा कसा जाणार ते तिथंच कळलं.

लॅब रिकामी झाली. चार नंबर अजून चालूच होतं. बंद करायला हात गेला आणि थांबला. बंद केलं की तिचा प्रोग्राम गेला. मग मी रजिस्टर घेतलं, किट क्रमांक चारची ओळ काढली, आणि 'स्थिती' असं छापलेल्या रकान्यात पट्टीवर बघून बघून एकेक कोड उतरवायला लागलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यात तिनं दाबलेला एकही तीन नाही, जो होता तो प्रोग्रामनं स्वतः बनवलेला. रकाना पुरला नाही, समासात गेलो.

ज्योती पेन विसरली होती, ते न्यायला परत आली. दारातच थांबली. मी काय लिहितोय ते बघितलं.

"रागावलीस?" मी विचारलं.

तिनं मान हलवली, व्हय की न्हाई ते कळलं नाही. उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या हातानं चोळत होती. नखाखाली रक्त साकळलेलं, काळं निळं.

"चाचा, लाईट गेली तवा मी न्हाई रडले. एसटी बंद पडली तवाबी न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी 'जोरात दाब' म्हनाला ना, तवा मला वाटलं, चाचा म्हनत्यात म्हंजी किट चांगलंच आसंल. माझ्याच हातात काय तरी कमी हाय."

मी शेवटचा कोड लिहिला, खाली तारीख घातली, सही केली. मग किट बंद केलं, पट्टी विझली. स्क्रूड्रायव्हर घेऊन ते कागदी सील टराटरा फाडलं. झाकण काढलं, जुनं बटण उपटलं, काडेपेटीतलं नवं लावून दोन डाग दिले. ज्योती बाजूला उभी राहून बघत होती. सात मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

किट चालू केलं आणि तिच्यासमोर सरकवलं.

"दाब," मी म्हटलं. "हळूच."

अंगठा दुखत होता, म्हणून तिनं करंगळी टेकवली. पट्टीवर लाल तीन उमटला. तिनं पुन्हा टेकवली, पुन्हा तीन. पट्टीवरची चारही घरं भरेपर्यंत ती टेकवत राहिली, आणि मग माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.